तेओफिलो ब्रागा : पहिली सही त्याची, कायदा कुणाचा?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. मी पणजीत एका वकिलांकडे कामाला आहे. टायपिंग, भाषांतर, फाईल कोर्टात पोचवणं, मधेच चहा सांगणं, सगळंच आलं त्यात. गोव्यात लग्न, घटस्फोट हे अजून पोर्तुगीज काळातल्या कायद्यावर चालतं हे बऱ्याच जणांना माहीत असेल. गेल्या आठवड्यात एका केससाठी ३ नोव्हेंबर १९१० च्या घटस्फोटाच्या हुकुमाची मूळ पोर्तुगीज प्रत हातात आली, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं उडालेली. शेवटी मंत्र्यांच्या सह्यांची रांग आहे आणि त्यात पहिलं नाव जोआकिम तेओफिलो ब्रागा.

सरांना विचारलं हा कोण. सर म्हणाले, "तो रे, तात्पुरत्या सरकारचा अध्यक्ष. प्रोफेसर होता, पुस्तकं लिहायचा. नुसता शोभेला बसवलेला. कायदा न्यायमंत्री अफोन्सो कॉस्टाचा, ह्याची फक्त सही." झालं, विषय संपला त्यांच्यासाठी. मी घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. जन्म १८४३, अ‍ॅझोर्स बेटांवरचं पोंता देल्गादा. आई तो तीन वर्षांचा असताना गेली, सावत्र आईने छळलं, छापखान्यात खिळे जुळवायला लागला आणि सोळाव्या वर्षी स्वतःचा कवितासंग्रह काढला. मग कोइम्ब्रा विद्यापीठात कायदा, लिस्बनला साहित्याचा प्राध्यापक, शंभराच्या वर पुस्तकं, आणि वयाच्या ६७ व्या वर्षी, पोर्तुगालमध्ये क्रांती होऊन राजा पळाल्यावर, एकदम देशाचा प्रमुख.

तर प्रश्न असा : असा माणूस खुर्चीवर बसला की खुर्चीला काही फरक पडतो का, का सर म्हणतात तसा नुसता शोभेचा गणपती?

खवचट_काका
शोभेच्या गणपतीचं तरी दहा दिवसांनी विसर्जन होतं.

जुई_ल
काका, ह्यांचंही झालं की. ५ ऑक्टोबर १९१० ला बसवले आणि ऑगस्ट १९११ मध्ये नवीन राज्यघटना होऊन मनुएल द अरियागा अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर उतरले. अकरा महिन्यांचा गणपती.

तिरपागडा
ब्रागा म्हणजे ते पणजीतलं मिनेझिस ब्रागांझा इन्स्टिट्यूटवाले ना? तिथे एकदा नाटक बघितलंय.

मांडवीकाठ
@तिरपागडा नाही हो. ते लुईस द मिनेझिस ब्रागांझा, चांदरचे, आपले गोंयकार, पत्रकार. हे ब्रागा. पण तुमच्या घोळात एक गंमत आहे. पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव ब्रागांझा. म्हणजे १९१० मध्ये ब्रागांझा गेले आणि ब्रागा आले, मागचं अर्धं नाव तेवढं कापलं.

खवचट_काका
खर्चात कपात.

निवृत्त_मास्तर
चांगला विषय काढलात मांडवीकाठ. मी आयुष्यभर इतिहास शिकवला पण आमच्या पुस्तकात पोर्तुगाल म्हणजे वास्को द गामा आला आणि १९६१ ला पोर्तुगीज गेले एवढंच. मधली साडेचारशे वर्षं पोरं ऑप्शनला टाकायची आणि खरं सांगायचं तर मीही टाकायचो.

तुमच्या वकीलसाहेबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तात्पुरत्या सरकारात खरी धमक न्यायमंत्री अफोन्सो कॉस्टाची, गृहखात्यात आन्तोनियो जोझे द आल्मेदा, परराष्ट्र बेर्नार्दिनो मशादोकडे. हे तिघे पुढे एकमेकांच्या उरावर बसले, प्रजासत्ताक पक्षाचे तुकडे झाले. आता विचार करा, क्रांती झालीय, राजा एरिसेराच्या किनाऱ्यावरून होडीत बसून जिब्राल्टरला निघालाय, आणि ह्या तिघांपैकी एकाला अध्यक्ष केलं तर दुसरे दोघे दुसऱ्याच दिवशी रुसणार. अशा वेळी घरातला थोरला लागतो. सगळ्यांनी ज्याची पुस्तकं वाचलीत, ज्याला खुर्ची नको आहे, ज्याच्या नावाला कुणी नाही म्हणू शकत नाही. आमच्या गावात देवस्थानच्या कमिटीत दोन गट हमरीतुमरीवर आले की निवृत्त हेडमास्तरला अध्यक्ष करतात, तसंच.

(होय, मी दोन वर्षं होतो. काही करता येत नाही, पण भांडणं मात्र थोडी कमी आवाजात होतात.)

लिस्बनचा_पाहुणा
मी कामानिमित्त चार वर्षं लिस्बनला होतो. तिथल्या पँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोर माणसांच्या स्मारकात, ह्यांची कबर आहे, आधी जेरोनिमोस मठात होती, १९६६ ला इकडे हलवली. म्हातारबांची लोकांत आठवण उरलीय ती मात्र छत्रीची. देशाचा प्रमुख असताना हा माणूस ट्रामने कामाला जायचा, काखेत जुनी छत्री, अंगात चुरगळलेला कोट. राजाच्या घोडागाड्या बघायची सवय असलेल्या शहरात अध्यक्ष ट्रामच्या बाकावर. मला एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने हे सांगितलं तेव्हा आधी वाटलं दंतकथा असेल, पण त्या काळातल्या लोकांनी लिहून ठेवलंय.

पानसुपारी
आमच्याकडे निवडणूक आली की एक दिवस लोकलने जातात. बरोबर बारा कॅमेरे.

सागरगोटा
मला ह्या साधेपणाच्या गोष्टींचा जाम कंटाळा आलाय. ट्रामने गेला, छत्री जुनी होती, बरं मग? लोकांना काय मिळालं? प्रजासत्ताक आलं तेव्हा चारातले जवळपास तीन पोर्तुगीज निरक्षर होते. राजा असताना प्रजासत्ताकवाले ओरडायचे की सगळ्यांना मत द्या, सत्ता हातात आल्यावर म्हणाले ज्याला लिहितावाचता येतं किंवा जो कुटुंबप्रमुख आहे त्यालाच. म्हणजे ज्या शेतकऱ्याची गाणी ब्रागासाहेब वहीत उतरवून घेत होते त्यांच्यातल्या किती जणांना मत मिळालं?

जुई_ल
@सागरगोटा बरोबर आहे आणि ह्यातच एक भन्नाट प्रकरण आहे. कायद्यात 'नागरिक' लिहिलं होतं, पुरुष असं लिहायला विसरले. डॉक्टर कारोलिना बेआत्रीझ आंजेलो ह्या बाई शल्यचिकित्सक, नवरा वारलेला, पदरी मुलगी. त्या म्हणाल्या मी २१ च्या वर आहे, मला लिहितावाचता येतं, आणि घराची प्रमुखही मीच आहे, तर माझं नाव यादीत घाला. सरकारी लोक नाही म्हणाले, बाई कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. २८ मे १९११ ला त्यांनी मत दिलं, पोर्तुगालमधली मत देणारी पहिली बाई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. आणि १९१३ मध्ये ह्या पुरोगामी मंडळींनी कायदा दुरुस्त करून 'पुरुष' हा शब्द घातला. एका बाईच्या एका मताची एवढी धास्ती!

मांडवीकाठ
हे मला माहीत नव्हतं जुईताई. सरांना उद्या सांगतो, अशा पळवाटा त्यांना फार आवडतात.

खवचट_काका
पळवाट नाही रे, राजमार्ग होता, त्यांनी नंतर गेट बसवलं.

कोकणी_मेवा
छापखान्यात खिळे जुळवणारा मुलगा कोइम्ब्रात कसा पोचला? पैसे कुठून आणले?

निवृत्त_मास्तर
१८६१ मध्ये गेला. बापाकडून जेमतेम पैसे, बाकी शिकवण्या, भाषांतरं, पेपरात लिखाण. आणि तिथे गेल्यावर पहिली गोष्ट काय केली तर भांडण. ते सांगायलाच पाहिजे, बसा निवांत.

१८६५ साल. लिस्बनला कास्तिल्यो नावाचे बडे कवी, लहानपणापासून अंध, सगळ्या साहित्यविश्वाचे काका. नवीन पोरांची पुस्तकं ह्यांच्या आशीर्वादाशिवाय चालत नाहीत. त्यांनी पिन्येरो शागस ह्या आपल्या लाडक्याच्या काव्याला एक लांबलचक पत्र जोडलं आणि त्यात जाताजाता कोइम्ब्राच्या दोन पोरांना चिमटा काढला की हे काय लिहितात कळत नाही. ती दोन पोरं म्हणजे आंतेरो द केंताल आणि आपला तेओफिलो, दोघेही पोंता देल्गादाचे, वयात वर्षभराचं अंतर. आंतेरोने एक पुस्तिका छापली, मथळा 'चांगली अक्कल आणि चांगली अभिरुची'. तेओफिलोनेही पुस्तिका काढली, त्यात साहित्यातल्या ह्या भटशाहीवर तुटून पडला. मग काय विचारता, दोन्हीकडून पुस्तिकांचा पाऊस. शेवटी रामाल्यो ऑर्तिगाँवने लिहिलं की अंध माणसाच्या अंधत्वावर बोलणारा आंतेरो भेकड आहे, त्यावरून १८६६ मध्ये पोर्तोला दोघांचं तलवारीचं द्वंद्व झालं आणि रामाल्योच्या हाताला जखम झाली.

आता पुढचा भाग ऐका. कास्तिल्योने त्याच पत्रात शिफारस केली होती की लिस्बनच्या साहित्य महाविद्यालयात साहित्याचा प्राध्यापक नेमायचा तर शागसला नेमा. १८७२ मध्ये त्या जागेसाठी जाहीर स्पर्धा झाली. उमेदवारांत शागस होताच, आणि जागा कुणाला मिळाली? तेओफिलोला.

पानसुपारी
म्हणजे आंतरजालाच्या आधीपण धागे पेटायचे, फक्त प्रत्येक प्रतिसाद छापून आणायला लागायचा.

तिरपागडा
आणि प्रतिसाद उडवायला संपादक नव्हते, डायरेक्ट तलवार.

सागरगोटा
हे सगळं मजेशीर आहे पण मास्तर, विद्वान म्हणून हा माणूस किती पक्का होता तेही सांगा. मी वाचलंय त्यानुसार घाईने निष्कर्ष काढायचा, आधी सिद्धान्त आणि मग पुरावा. मोझाराब म्हणजे अरबांच्या राज्यात राहिलेले ख्रिस्ती, त्यांच्यातूनच सगळी पोर्तुगीज लोकपरंपरा आली असं म्हणत राहिला. रक्त, वंश, जात ह्या चष्म्यातून साहित्य बघणं. त्याच्या हयातीतच लोकांनी चुका दाखवल्या, त्याचा गाववाला आंतेरो त्यात पुढे.

निवृत्त_मास्तर
मान्य. आपल्याकडेही इतिहासाचार्य राजवाड्यांच्या काही व्युत्पत्त्या वाचताना हसू आवरत नाही, पण त्यांनी गोळा केलेली कागदपत्रं नसती तर हसायलाही काही उरलं नसतं. तेओफिलोने १८६७ मध्ये लोकगीतांचा संग्रह काढला, १८६९ मध्ये आपल्या बेटांवरच्या गाण्यांचा, १८८३ मध्ये लोककथांचा. सिद्धान्त गेले, गाणी राहिली.

कोकणी_मेवा
आमची आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या कुणीच लिहून ठेवल्या नाहीत. मला दोनच येतात, त्यातली एक अर्धी. आजी गेल्यावर मावशीला विचारलं तर ती म्हणते अगं मला चाल आठवते, शब्द नाही. त्यामुळे वंशाचा सिद्धान्त चुकला की बरोबर ते मरू दे, कुणीतरी वही घेऊन बसलं हेच मला पुष्कळ वाटतं.

सागरगोटा
@कोकणी_मेवा ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. अर्धी तरी लिही इथे.

कोकणी_मेवा
नको, अर्धी लिहिली की पूर्ण का नाही म्हणून रडू येतं. नंतर वेगळा धागा काढते.

बार्देशकर
मांडवीकाठ, तुझ्या धाग्यात गोव्याचा एक धागा सुटलाय. आमच्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गाद माहीत आहेत का? जन्म १८५५. कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश केला, १८९३ मध्ये मुंबईत इंदुप्रकाश छापखान्यात छापला. काही काळ सावंतवाडीकडेही होते. पुढे लिस्बनला गेले आणि संस्कृत शिकवायला लागले, कुठे, तर ह्याच साहित्य महाविद्यालयात जिथे ब्रागा १८७२ पासून ठाण मांडून होते. म्हणजे एका बाजूला चर्चच्या नावाने बोटं मोडणारा नास्तिक प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूला झगा घातलेला बार्देशचा पाद्री, एकाच संस्थेत. दाल्गादांनी १९१३ मध्ये आशियातल्या भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांवर ग्रंथ काढला आणि शेवटी कोंकणी म्हणींचाही संग्रह केला. ब्रागांनी लोकगाणी जमवली, ह्यांनी म्हणी.

जुई_ल
वा! म्हणजे आपले पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं सगळे त्या ग्रंथात असणार.

खवचट_काका
हापूस विसरलीस. अफोन्सोचा हापूस झाला. म्हणजे मांडवीकाठच्या साहेबांचे ते न्यायमंत्री हापूस कॉस्टा.

तिरपागडा
आणि तुरुंग पण पोर्तुगीज आहे म्हणे. घेऊन आले सोबत.

पानसुपारी
पगार त्यांनी दिला, पगारवाढ हा शब्द मात्र आपल्यालाच करावा लागला, तिथेच अडलंय.

लिस्बनचा_पाहुणा
शब्दांवरून आठवलं. मांडवीकाठ, तुमच्या प्रतीत सहीतलं स्पेलिंग बघा. टी-एच आणि पी-एच असलेलं जुनं असणार. ह्यांच्याच सरकारने शुद्धलेखन सुधारायला समिती नेमली आणि १९११ मध्ये नवे नियम लागू केले. पी-एच गेलं, एफ आलं, टी-एच मधला एच गेला, वाय गेला. औषधाच्या दुकानांच्या पाट्या बदलल्या. म्हणजे अध्यक्षमहाराजांच्या स्वतःच्या नावातली दोन अक्षरं त्यांच्या राज्यात उडाली. तेव्हाही कवी लोक चिडले होते, अश्रू ह्या शब्दातला वाय काढला तर अश्रूच सुकतो अशा थाटाचं म्हणणं होतं एकाचं.

निवृत्त_मास्तर
आमच्या वडिलांनी १९६२ च्या नियमांनंतरही मरेपर्यंत सगळे अनुस्वार दिले. पोस्टमनलासुद्धा पत्ता अनुस्वारासकट. मी शिक्षक, मी लाल शाईने मुलांचे काढायचो, आणि घरी आलो की वडिलांचं पत्र.

मांडवीकाठ
बघितलं! हो, टी-एच आणि पी-एच दोन्ही आहेत. आणि मी ऑफिसच्या भाषांतरात वेगळ्याच स्पेलिंगने टाईप केलंय, सर ओरडणार.

आवळीभोजन
उशिरा आले, सगळं वाचून काढलं. एका गोष्टीवर कुणी काहीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. हा माणूस घरात किती एकटा होता. १८६८ मध्ये लग्न झालं, मारिया दो कार्मो. पहिलं बाळ जन्मल्यावर लगेचच गेलं. मग एक मुलगा, एक मुलगी, आणि ती दोन्ही मोठी होता होता १८८६-८७ मध्ये थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. कामिलो कास्तेलो ब्रांको हा मोठा कादंबरीकार, ब्रागांचा जुना वैरी, लेखणीने ह्यांना आयुष्यभर ओरबाडणारा. त्याने ही बातमी ऐकून एक सुनीत लिहिलं, मथळा 'सर्वात मोठं मानवी दुःख'. वैऱ्याने लिहिलेलं. मी ते सुनीत इंग्रजीतून वाचलंय, मराठीत आणायचं धाडस होत नाही.

बायको १९११ मध्ये गेली, म्हणजे अध्यक्षपदाच्याच वर्षी. त्यानंतर तेरा वर्षं एकटे, पुस्तकांत. २८ जानेवारी १९२४ ला लिस्बनच्या घरात पुस्तकांच्या खोलीतच गेले. मला त्या ट्राममधल्या छत्रीच्या गोष्टीत साधेपणा वगैरे काही दिसत नाही. मला घरी कुणी नसलेला म्हातारा दिसतो, ज्याचा कोट चुरगळला तरी सांगणारं कुणी नाही.

लिस्बनचा_पाहुणा
@आवळीभोजन ताई, मी चार वर्षं ती गोष्ट विनोद म्हणून सांगत आलो.

सागरगोटा
मीही वर 'कंटाळा आलाय' लिहिलंय. राहू दे ते तसंच.

बार्देशकर
मूळ प्रश्नाकडे येऊ का? शोभेचा की नाही. मला वाटतं १९१० च्या आधीचं बघितल्याशिवाय हे सांगताच येणार नाही. १८८० बघा. कामोंइश हा त्यांचा महाकवी, त्याला जाऊन १० जून १८८० ला तीनशे वर्षं झाली. राजाच्या सरकारला फार उत्साह नव्हता. ब्रागांनी ही कल्पना लावून धरली, पत्रकारांची समिती झाली, त्यात रामाल्यो ऑर्तिगाँवसुद्धा, हो तोच तलवारवाला. लिस्बनमध्ये भली मोठी मिरवणूक निघाली. राजाच्या वाढदिवसाला निघते तशी नाही, एका कवीसाठी लोकांची मिरवणूक. लोकांना कळलं की देश म्हणजे राजा नाही, आणि प्रजासत्ताकवाल्यांना कळलं की आपण लोक रस्त्यावर आणू शकतो. ब्रागा फ्रान्सच्या ऑगस्त कोंत ह्या तत्त्वज्ञाचे चेले, कोंतचं म्हणणं देवांच्या जागी थोर माणसांचे उत्सव करा, ते ह्यांनी अक्षरशः करून दाखवलं. आज पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस कुठला? १० जून. तर माझ्या मते ह्या माणसाने खुर्चीवर बसून जे केलं त्याच्यापेक्षा खुर्ची मिळायच्या तीस वर्षं आधी जास्त केलं.

निवृत्त_मास्तर
टिळकांचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा. संबंध काही नाही, पण युक्ती एकच, लोकांना जमायला निमित्त द्या. म्हणजे खवचटराव, तुमचा गणपती अगदीच वाया गेला नाही.

जुई_ल
त्या १८८० च्या सोहळ्यात कामोंइश आणि वास्को द गामाच्या अस्थी जेरोनिमोसमध्ये नेल्या ना? त्याचा किस्सा सांगा कुणीतरी.

लिस्बनचा_पाहुणा
सांगतो. कामोंइश ज्या चर्चमध्ये पुरला होता ते १७५५ च्या भूकंपात कोसळलं होतं, त्यामुळे त्याच्या म्हणून नेलेल्या अस्थी कुणाच्या ते देवच जाणे. वास्को द गामाचं आणखी मजेशीर, विदिगेराहून वाजतगाजत चुकीच्याच माणसाच्या अस्थी आणल्या! १८९८ मध्ये चूक सुधारली, पुन्हा वरात.

खवचट_काका
अठरा वर्षं कुणीतरी फुकट सलामी घेतली.

बार्देशकर
पणजीला मिनेझिस ब्रागांझा इन्स्टिट्यूटच्या दारातून आत शिरलात की भिंतीवर निळ्या-पांढऱ्या अझुलेजोश फरशा आहेत, त्यावर कामोंइशच्याच महाकाव्यातले प्रसंग. @तिरपागडा तुम्ही नाटकाला गेलात तेव्हा बघितलं असेल.

तिरपागडा
मी वड्याच्या लाईनीत होतो.

सागरगोटा
बरं एक शेवटचं विचारतो आणि गप्प बसतो. प्रजासत्ताक, समता, चर्च वेगळं, सरकार वेगळं, सगळं लिस्बनला. गोव्याचं काय? वसाहत ती वसाहतच राहिली ना?

बार्देशकर
राहिलीच. त्याबद्दल मी ब्रागांना माफ करत नाही, कुणीच करू नये. पण १९१० नंतर गोव्यातल्या हिंदूंना जो श्वास घेता आला तो खरा आहे. राजाच्या काळात धर्म म्हणजे कॅथलिक, बाकीचे दुय्यम. प्रजासत्ताकात ते कागदोपत्री तरी संपलं. २० एप्रिल १९११ चा चर्च आणि राज्य वेगळं करणारा कायदा, हाही कॉस्टाचाच. माझे पणजोबा सांगायचे म्हणे की त्या दोन-चार वर्षांत गावागावात मराठी शाळा काढायची हवा आली होती. मडगावचं गोमंत विद्या निकेतन १९११ चंच. मिनेझिस ब्रागांझांनी १९११ मध्ये आपलं पत्र काढलं. आणि पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारने १९३० मध्ये वसाहत कायदा आणला तेव्हा हेच ब्रागांझा गोव्याच्या विधिमंडळात उभे राहून म्हणाले की स्वयंनिर्णयाचा हक्क आम्ही सोडलेला नाही. ज्या शब्दांत लिस्बनवाल्यांनी राजाला हाकललं तेच शब्द ह्यांनी लिस्बनला परत केले.

आवळीभोजन
आणि घटस्फोटाचा कायदा. बाईने व्यभिचार केला तरी तेच कारण, पुरुषाने केला तरी तेच. दोघांच्या संमतीनेही घटस्फोट मिळायचा. १९१० मध्ये! आपल्या हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीचं कलम आलं १९७६ मध्ये. माझ्या आत्याला पुण्यात सत्तरच्या आधी सुटका मिळाली नाही ती नाहीच. गोव्यात म्हापशाला जन्मली असती तर निदान वकिलाला विचारता तरी आलं असतं.

मांडवीकाठ
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. आज सरांना हा धागा मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचला, कामोंइशच्या मिरवणुकीपाशी थांबले, म्हणाले हे मला ठाऊक नव्हतं. मग लगेच, "पण कायद्याचा मसुदा कॉस्टाचाच, ते बदलत नाही." मी म्हटलं सर, १९१५ मध्ये अरियागाने राजीनामा दिला तेव्हा मे ते ऑक्टोबर परत ह्यांनाच बोलावलं, वय ७२. शोभेची वस्तू दुसऱ्यांदा माळ्यावरून कोण काढतं? सर म्हणाले, "दिवाळी आली की काढतात रे." ह्यावर मला काही सुचलं नाही.

स्पेलिंगचं मात्र ऐकलं त्यांनी. मूळ प्रतीत जसं आहे तसंच ठेव म्हणाले, सही आहे ती, सहीचं शुद्धलेखन करायचं नसतं. त्या केसमधल्या बाई दुपारी आल्या होत्या. मी त्यांना पान उलटून दाखवलं की ही पहिली सही. त्यांनी बघितलं आणि विचारलं, पुढची तारीख कधी?

खवचट_काका
साहेबांना माझा नमस्कार सांग. त्यांना इथे सदस्य करून घे.

नवा_सदस्य_गोवा
नमस्कार, मी नवीन आहे. मिनेझिस ब्रागांझाचा हॉल डिसेंबरमध्ये मुलीच्या अरंगेत्रमसाठी हवा होता. बुकिंगला कुणाला भेटायचं?

तिरपागडा
ते ब्रागांझा, हे ब्रागा. वर वाचा.

मांडवीकाठ
ऑफिसच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत स्वतः जाऊन विचारा, फोनवर काही कळत नाही. आणि आत गेलात की त्या फरशा बघा.